मोजणीआधीची ओंजळ

"बाई, मेलेल्या माशांची हजेरी घेऊन तुम्हाला काय मिळतं?"

विचारून झालं आणि टिटवीनं जीभ चावली. प्रश्न काही तिच्या एकटीच्या डोक्यातला नव्हता. शाळेतून येताना चष्मिस आणि लंबू या दोघी मैत्रिणींनी पैज लावली होती, की धक्क्यावरच्या मोजणीबाईंना हे तोंडावर विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. आणि टिटवीला पैज लावायची म्हणजे आगीत तेल. आठवीपर्यंत ही पोरगी वर्गात "हजर" एवढं म्हणतानाही लाल व्हायची. नववीत एकदा चुकून भाषणाच्या स्पर्धेत उभी राहिली, पहिली आली आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला जे चाक लागलं ते थांबायचं नावच घेईना. टिटवी हे नाव तेव्हाच पडलं. घरातही आता कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारत नसे.

मोजणीबाई उलट्या पाटीवर बसल्या होत्या. पुढ्यात माशांचा ढीग, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. त्यांनी मान वर केली. लांब खांबाआड चष्मिस आणि लंबू तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

"काय मिळतं?" बाई म्हणाल्या. "हाताला वास मिळतो. बसमध्ये शेजारची जागा रिकामी मिळते. आणि तुझ्यासारख्या पोरी मिळतात पैजेच्या. दप्तर कोण वाहणारेय, ती चष्म्याची का उंच?"

"दोघी. आळीपाळीनं," टिटवी म्हणाली.

"आता विचारलंयस तर बस इथं," बाईंनी दुसरी पाटी पायानं पुढे सरकवली. "हा कोण?"

"लेप."

"हा?"

"वाम. पण बाळ आहे अजून. आणि तो चपटा आहे ना, त्याला आम्ही थुंक्या म्हणतो, पाण्याबाहेर काढला की पचकन थुंकतो. ही काटेवाली सासू. हा लाजरा. हे पाकटाचं पिल्लू, शेपटीला हात नका लावू बाई, मेल्यावरपण चावते ती."

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली. "मी नावं सांगते, तू रेघा ओढ. नाहीतर असं कर, तू नावं सांग आणि रेघाही तूच ओढ. कुठल्या पुस्तकात वाचलीस ही?"

"आईच्या," टिटवी म्हणाली आणि निवडीच्या लांब टेबलाकडे बोट दाखवलं.

त्या टेबलाशी अकरा बायका उभ्या असत. दुपारी बोटी आल्या की टेबलावर ढिगारे ओतले जात. जाळी सगळी कोळंबीची, बारीक डोळ्यांची. पण जाळ्याला कुठं कळतंय कोण कोळंबी आणि कोण नाही! एक पाटी कोळंबीमागे चार पाट्या दुसरंच काहीतरी वर यायचं. त्या सगळ्याला मिळून धक्क्यावर एकच नाव होतं : वरकड. कोळंबी बर्फात जायची. वरकड ट्रकमध्ये, तिथून कारखान्यात, तिथून पीठ होऊन कोंबड्यांच्या पोटात. टिटवीची आई उजवीकडून तिसरी. सोळा वर्षं तिची बोटं कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्यांत आणि बर्फात फिरत होती. सांधे सुजून आल्याच्या गाठीसारखे झाले होते, पण वेग असा की बघणाऱ्याला वाटावं बाई पत्ते पिसतेय.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. ढीग ओतला की मुकादम पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभा राहायचा, साधारण दहा आकडे मोजेपर्यंत. तेवढ्यात प्रत्येक बाईनं वरकडातून एक ओंजळ काढून कापडात बांधायची, घरासाठी. ओंजळ म्हणजे ओंजळच, दुसरी नाही. मग मुकादम वळायचा, "चला गं, हात चालवा!" म्हणायचा आणि काम सुरू व्हायचं. मोजणीबाईंची बस चारला यायची. तोवर ओंजळी बांधून टेबलाखाली गेलेल्या असत. याची कुणाला लाज नव्हती आणि याबद्दल कुणी बोलतही नव्हतं.

तीन दिवसांत टिटवी बाईंचा उजवा हात झाली. शाळा सुटली की धक्का. मैत्रिणी दप्तर वाहायच्या आणि कुरकुरायच्या, "पैज आम्ही हरलो, पण वेड तुला लागलं."

तिसऱ्या दिवशी तिनं वहीचं शेवटचं पान बघितलं. एकोणचाळीस रकाने रेघांनी भरलेले, चाळिसावा कोरा. नुसती शून्यं, एकाखाली एक, मण्यांच्या माळेसारखी.

"हा कोण गैरहजर?"

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून चित्र दाखवलं. हातभर लांब मासा, जुन्या सोन्याच्या रंगाचा, डोकं लांबट. "इथलाच होता हा. म्हातारे सांगतात, इथे ह्याचे थवे असायचे. दोन वर्षं मी मोजतेय, एक पिल्लू नाही. जाळ्यात पिल्लं आली असती तर मी खाडीचं तोंड वर्षातले दोन महिने बंद ठेवायला लावलं असतं, जाळ्यांना खिडक्या बसवायला लावल्या असत्या, कोळंबी आत राहते आणि मासा निघून जातो अशा. पण जो नाहीच त्याच्यासाठी कोण काय बंद करणार? सोमवारी शेवटची मोजणी. मग वही वरच्या ऑफिसात जाईल आणि ह्याच्या नावावर काट."

टिटवीनं चित्र पुन्हा एकदा बघितलं. तिनं असला मासा जन्मात पाहिला नव्हता.

पण बाबांनी पाहिला असणार. घरी गेल्या गेल्या ती ओरडली, "बाबा! सोनेरी मासा, हातभर, लांबट डोक्याचा! माहितीय?" बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं. जाळं ओढायच्या यंत्राशेजारी बारा वर्षं उभं राहून त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवा निम्मा.

बाबा पाय धूत होते. थांबले. तांब्यातलं पाणी पायावर पडत राहिलं.

"सरदार," ते म्हणाले.

मग जो माणूस जेवताना चार वाक्यं बोलला तर घरच्यांनी एकमेकांकडे बघावं, तो बोलायला लागला. त्यांची स्वतःची छोटी होडी होती तेव्हाची गोष्ट. गळ आणि दोरी, बस. पहाटे खाडीच्या तोंडाशी जायचं, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि दांडा कानाला लावायचा. सरदार खाली असला की बोलायचा. "घर्रर्र, घर्रर्र. पाचपन्नास असले की वल्हं हातात थरथरायचं. अगं, झोपलेल्या माणसाच्या छातीला कान लावावा तसं. बाबांनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या बाबांनी. मग जाळी आली, मोठ्या बोटी आल्या. एके वर्षी वल्हं लावलं, तर खाली कुणी नाही. दुसऱ्या वर्षीपण नाही. मग म्हटलं, बायको-पोरगी तर आहेत ना वर." ते हसले. "झालो यंत्रावर उभा."

त्यांनी कपाटाच्या वरून डबी काढली. डबीत सुईदोरा, दोन गळ आणि एक पांढरा खडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला टाचेच्या ठशासारखा खोलगट आकार. "सरदाराच्या कानात असतो हा. शेवटचा मासा धरला ना, त्याचा."

टिटवीनं तो तळहातावर फिरवला. तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते कळेना.

कळलं ते जेवताना. भात आणि आईच्या ओंजळीतले मासे, रोजचेच. बायका ओंजळीत नेहमी एकच मासा उचलायच्या : बोटकी. बोटभर लांबीची, चांदीसारखी, गोल डोक्याची, जवळजवळ बिनकाट्याची, आणि चव अशी की टेबलावर तिच्यासाठी अकरा जणींचे बावीस हात एकमेकांवर आपटायचे आणि ढिगात एकही मागे उरायची नाही. बोटकीत एकच खोड होती. डोकं चावलं की दाताखाली खडे यायचे, तांदळाच्या कणीएवढे. सगळं घर ते ताटाच्या कडेला थुंकायचं. लहानपणी टिटवी ते मोजून भोलानाथसारखं "पाऊस येईल, नाही येईल" करायची.

तिनं ताटाच्या कडेचा एक खडा उचलला. धुतला. डबीतला मोठा खडा शेजारी ठेवला.

एका बाजूनं गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला टाचेचा ठसा.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी ओरडली नाही, तरी बाबांनी वर बघितलं.

तिघांनी ते दोन खडे आळीपाळीनं बोटानं उलटून बघितले. बाबांच्या ताटाच्या कडेला चौदा खडे होते. म्हणजे सात बोटक्या. मोठे मासे खोल पाण्यात, गळाला लागायचे, ते पुरुषांनी बघितलेले. पिल्लं बारीक जाळ्यातच यायची, ती टेबलावरच्या बायकांनी बघितलेली. जाळी आली तसा मोठा सरदार दिसेनासा झालेला. ना रंग सारखा, ना डोकं सारखं. दोघांना दोन नावं, आणि नवराबायको एका ताटाशेजारी दुसरं ताट घेऊन बारा वर्षं जेवत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

बाबांनी ताट हळूच पुढे सरकवलं. "रोज," ते म्हणाले. "रोज खाल्ली मी."

"खाल्ली म्हणजे?" आई एकदम तडकली. "ट्रकात जाऊन पीठ व्हायला हवी होती का? मेलेलीच येतात ती वर. मी काय गळा दाबून मारते?" मग ती टिटवीकडे वळली. "आणि तू. हे त्या बाईला बोलायचं नाही."

"अगं पण आई, ती शून्य लिहितेय! तिच्या वहीत नाहीत कारण तुम्ही सगळ्या आधीच..."

"म्हणूनच नाही बोलायचं. मुकादम ओंजळ बंद करायला निमित्तच शोधतोय. एकदा बंद झाली की झाली. अकरा घरं माझ्या नावानं बोटं मोडतील. आणि खाडीचं तोंड बंद झालं तर दोन महिने ह्यांनी काय करायचं? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, इथं तू माशासाठी माणसांशी करशील."

बाबांनी मोठा खडा उचलला. तो डबीत ठेवताना त्यांनी छोटा खडाही सोबत टाकला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बोटी उशिरा लागल्या होत्या. टिटवी धक्क्यावर पोचली तेव्हा बाई नळावर हात धूत होत्या, पाठमोऱ्या. टेबलाशी मुकादमाचा आवाज चढला होता.

"सोडा गाठ. सोडा म्हणतो ना."

आईसमोर उभा होता तो. आईच्या ओंजळीच्या कापडातून एका कोळंबीच्या मिशा बाहेर आल्या होत्या. काटा कापडात अडकून आली असणार. घाईत येतात तशा. बाकीच्या दहा जणी खाली बघून हात चालवत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली काकूसुद्धा, एरवी जी मुकादमाचंही ऐकून घेत नसे.

"सोळा वर्षं झाली," आई म्हणाली, "एक कोळंबी नाही नेली मी."

"मग दिसू दे ना सगळ्यांना."

आईनं गाठ सोडली. तिच्या बोटांना गाठी सोडणं जमत नसे आताशा; शेवटी तिनं दातांनी सोडली. कापड टेबलावर उघडलं. बोटक्या, चांदीच्या, एकीवर एक, आणि त्यात दोन कोळंब्या. मुकादमानं दोन बोटांनी कोळंब्या उचलून बर्फात टाकल्या आणि हसला. "हं. बांधा आता."

नळाचं पाणी थांबलं. बाई वळत होत्या. टेबल त्यांच्यापासून सहा पावलांवर.

टिटवी काय करतेय हे तिचं तिलाच कळलं नाही. ती पळत जाऊन बाईंच्या समोर उभी राहिली, हात पसरून, आणि धबधब्यासारखी बोलायला लागली. शाळेत आज काय झालं, लंबू कशी पडली, गणिताच्या सरांनी काय केलं. बाई हसत ऐकत होत्या. त्यांच्या खांद्याला खांदा लावून तिनं त्यांना उलट्या पाट्यांकडे वळवलं. मागे आईनं कापड गोळा केल्याचा आवाज तिनं पाठीनं ऐकला.

मग मोजणी झाली. लेप सतरा. वाम चार. थुंक्या एकवीस. शेवटचं पान आलं.

"चाळीस?" बाई म्हणाल्या.

टिटवीनं शून्य काढलं. पेन्सिल कागदाला टेकली ती उचलेपर्यंत केवढा वेळ गेला.

"अक्षर किती स्वच्छ आहे गं तुझं," बाई म्हणाल्या.

रविवारी बोटी निघत नसत. पहाटे बाबांनी तिला पायाला हात लावून उठवलं. होडी बारा वर्षांनी पाण्यात जात होती. फटीतून पाणी आत येत होतं, टिटवी डब्यानं ते बाहेर काढत होती आणि नववीतल्या त्या भाषणानंतर पहिल्यांदाच तिला काही बोलावंसं वाटत नव्हतं. समुद्र राखाडी, सपाट. हवा इतकी स्थिर की वल्ह्यावरून टपकणाऱ्या थेंबांची वर्तुळं मागे तशीच पसरत राहायची.

खाडीच्या तोंडाशी बाबांनी वल्हं उभं पाण्यात सोडलं. उजवा कान दांड्याला लावला. डोळे मिटले. कपाळाच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि चेहरा असा दिसायला लागला, की टिटवीला वाटलं, मी जन्मायच्या आधीचे बाबा हे असे असणार.

खूप वेळानं त्यांनी मान हलवली. "यंत्राचाच आवाज येतो गं. बंद असलं तरी येतो. तू बघ."

दांडा त्यांच्या कानाच्या ठिकाणी कोमट होता. आधी तिला नुसतं स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग पाण्याची चुळबूळ. आणि मग त्याच्या मागे, खूप खाली, कुणीतरी लाकडी कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसं काही. थांबलं. पुन्हा. मग दुसरीकडून. मग चहूकडून.

तिनं डोळे उघडले तर बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, अधाशासारखे.

"आहेत?"

तिनं मान डोलावली.

"किती?"

"पुष्कळ. मोजता येणार नाहीत, बाबा."

"आवाज जाडा की बारीक?"

"बारीक."

"नीट ऐक. एखादा तरी जाडा असेल. छातीत वाजतो तसा."

तिनं पुन्हा कान लावला. श्वास रोखला. नख, कंगवा, नख. अजून थांबली. पाय होडीतल्या पाण्यात गार पडले. खोटं बोलणं किती सोपं होतं! एक "हो" म्हटलं असतं की तो माणूस आठवडाभर शीळ घालत फिरला असता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "सगळी पोरंच आहेत."

बाबांनी वल्हं तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा आपला कान लावला. काही ऐकू येत नाही हे माहीत असूनही. तसेच बसून राहिले, दांड्याला गाल टेकून, ऊन चढेपर्यंत.

घरी आले तेव्हा आई दारात बसून सुईनं बोटातले कोळंबीचे काटे काढत होती. दोघांचे ओले पाय बघून तिनं पायानं पोतं पुढे सरकवलं. आधी बाबा बोलले.

"तिनं ऐकलं."

"काय?"

"आहेत म्हणते."

आईनं सुई खाली ठेवली. उजेडाकडे बोट धरून बघितलं, काटा निघाला का ते. "तुम्ही नाही ऐकलंत?"

"नाही."

आई बाबांकडे बघत राहिली. काल टेबलावर गाठ सोडताना तिच्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते आता आलं, डोळ्यांच्या कडेला, आणि ते लपवायला ती बोट चोखायला लागली.

टिटवी दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मी विचारत नाहीये हां, सांगतेय," ती म्हणाली, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "उद्या शेवटची मोजणी आहे. कालचं शून्य माझ्या हातचं आहे, ते मी खोडणार. कसं पडलं तेही मीच सांगणार बाईंना. मग अकराही जणींच्या ओंजळींबद्दल बोलणार, मुकादमासमोर. मोजून झाल्या की जिच्या तिच्या घरी, हे बाईंना मध्ये घालून त्याच्याकडून कबूल करून घेणार. नाही कबूल झालं तर काकूंच्या शिव्या मी खाईन, ओंजळ बुडाली तर त्याचंही मीच ऐकेन. बाबा, तुमचे दोन महिने जातील. मला माहितीय. आणि आई, तू उद्या कापड टेबलाखाली टाकू नकोस. माझ्यासमोर सोड. पहिली आपली मोजणार मी."